पटक्यातलं चॉकलेट

पहाटे चारला उठून गुरुसिद्धप्पा मानवतच्या कापसाच्या जिनिंगात सरकीची पोती वाहायला जाई. एकदा स्टेशनावर त्यानं एका गोऱ्या साहेबाची ट्रंक उचलली आणि मडमेनं त्याच्या हातावर चॉकलेटचा तुकडा ठेवला. तेव्हापासून जीभ चटावली. बायकोनं, भागम्मानं, गूळ-तिळाचे लाडू वळले.

"हे खावा. पोती उचलायला बळ येतंय."

"त्याची सर याला न्हाई," हा शहाणा म्हणाला.

शेवटी आठवड्याची मजुरी मोडून त्यानं परभणीहून चॉकलेट आणवलं. संध्याकाळी भागम्माला चाखवून लाडवांचा कायमचा निकाल लावायचा होता. हमालाची तिजोरी म्हणजे डोक्याचा पटका. तंबाखू, चिल्लर सगळं त्यातच. चॉकलेटही त्यातच खोचलं. वैशाखाचं ऊन आणि वर पोतं. दुपारी कपाळावरून तपकिरी ओघळ नाकावर आला.

"गुरुसिद्धा, डोसकं पाघळायलाय की रं!" मुकादम ओरडला.

ओठाशी आलं तेवढं त्यानं चाटलं. घाम आणि तंबाखू.

घरी भागम्मानं पटका उलगडून पाहिला. "खाल्लं कुणी मग, पटक्यानं?"

त्यानं लाडू उचलला. मग दुसरा.

पुढच्या मजुरीतून पहिली खरेदी झाली ती साबणाच्या वडीची.