हौसावहिनींचं गाऱ्हाणं

हौसावहिनींना गप्प बसता येत नाही, असं आमच्या वाडीत सगळेच म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांची कामं वहिनींच्या तोंडामुळेच झालेली आहेत. नळाला पाणी आलं ते त्या ग्रामपंचायतीत जाऊन बसल्या म्हणून, आणि एसटी वाडीच्या फाट्यावर थांबायला लागली तीही त्यांच्याचमुळे. पण उपकार लक्षात ठेवायला माणूस मोठा लागतो, आणि आमची वाडी लहान आहे. मी त्यांचा शेजारी. आमच्या दोन घरांच्या मधे चिऱ्यांचा एक गडगा आहे, कमरेइतका, त्यामुळे त्यांच्या घरातलं बहुतेक सगळं मला ऐकू येतं. चोरून ऐकावं लागत नाही.

रत्नागिरीच्या एमआयडीसीत शर्ट शिवायचा एक कारखाना आहे. वहिनी तिथे धागे कापायला होत्या आणि त्यांची सून तेजस्वी मशीनवर कॉलर लावायला. मुलगा संदेश मुंबईला. सकाळी कंपनीचा टेम्पो फाट्यावर यायचा आणि दोघी सासू-सुना डबे घेऊन त्यात चढायच्या. इथले शर्ट परदेशात जातात. तिकडच्या दुकानात ते घेणाऱ्याला म्हणे काळजी असते, की आपला शर्ट शिवणाऱ्या बायकांना कोणी छळत तर नाही ना. काळजी चांगलीच आहे. पण ती इतक्या लांबून करायची म्हणजे मधे माणसं नेमावी लागतात.

कारखान्यातला छळ सांगण्यासारखा नव्हता, हीच अडचण होती. कोणी मारत नव्हतं, पगार बुडत नव्हता. फक्त मशीनच्या एकेका लाईनीला एकच बिल्ला होता. लाकडाचा, सुपरवायझरच्या टेबलाशी खिळ्याला टांगलेला. लघवीला जायचं तर तो गळ्यात घालून जायचं, आणि तो खिळ्यावर नसेल तर बसायचं. लाईनीत बायका चाळीसेक. त्यातली एखादी पाळीची असली, एखादीचं पोट बिघडलेलं असलं, की बाकीच्या पाय आवळून शिवत राहायच्या. म्हणून बायका पाणीच पीत नसत. पत्र्याच्या शेडमधे, मे महिन्यातसुद्धा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तेजस्वीला पाचवा महिना लागला आणि तिला ताप यायला लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लघवीला जंतू झालेत, भरपूर पाणी पी, लघवी अजिबात तुंबवू नको, नाहीतर पोटातल्या बाळाला धोका आहे. तेजस्वीने हे सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, तुला एकटीला सूट दिली तर उद्या सगळ्याच गरोदर होतील. हे तो हसत म्हणाला, असं वहिनींनी मला सांगितलं. त्यांना त्या हसण्याचाच जास्त राग होता, आणि मलाही आहे.

तेवढ्यात त्या परदेशी दुकानवाल्यांची तपासणी येणार असं कळलं. मॅनेजर हुशार माणूस. त्याने आठवडाभर आधी बायकांना कॅन्टीनमधे बसवून शिकवणी घेतली. काय सांगायचं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्याने शिकवलं ते कसं सांगायचं. एकीसारखं दुसरीने बोलायचं नाही. एकीने म्हणायचं, मनात येईल तेव्हा जातो. दुसरीने लाजायचं. तिसरीने पंख्याची बारीकशी तक्रार करायची, म्हणजे बाकीचं खरं वाटतं. तपासणीच्या दिवशी खिळ्यावरचा बिल्ला नाहीसा झाला, संडासात साबण आला, आणि पाण्याच्या पिंपाला नवीन नळ.

तपासायला एक साहेब आणि त्यांच्याबरोबर मृणाली नावाची पुण्याची मुलगी आली. साहेबांना मराठी येत नव्हतं, म्हणून बायकांशी बोलायचं काम तिचं. मुलगी वाईट नव्हती हो. आधी तिने एकेकीला वेगळं बोलावलं, आणि एकेकीने शिकवल्याप्रमाणे वेगवेगळं सांगितलं. तेजस्वीनेही सांगितलं. शेवटी मृणालीने सगळ्यांना कॅन्टीनमधे एकत्र बसवलं, मॅनेजरला बाहेर काढलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, आणखी काही सांगायचंय का? घाबरू नका, कोणाचं नाव बाहेर जाणार नाही.

आता इथे वहिनींनी जे केलं ते आमच्याकडची बाईच करू जाणे. त्यांचे वडील गावचे मानकरी. शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसली की गाऱ्हाणं तेच घालायचे. गाऱ्हाण्याची रीत अशी, की बोलतो एकटा, पण सगळ्या गावाच्या वतीने, आणि प्रत्येक वाक्याला गाव म्हणतं, व्हय म्हाराजा. मग ते गाऱ्हाणं कोणा एकाचं राहत नाही, आणि देव कोणा एकावर रागावत नाही. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं, पण ऐकायला कोणाची बंदी नसते. वहिनींना ते जन्मापासून पाठ. नाव कोणाचंच पुढे येता कामा नये ना? मग याहून सोयीचं काय? त्या उठल्या, पदर खोचला, साहेबांनाच देव मानून त्यांच्यापुढे हात जोडले.

"आज तू लांबच्या मुलखातसून आमच्या दारात आलास, म्हाराजा."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा."

"हय उठाया बिल्ला लागतो, म्हाराजा. बिल्ला एक नि बायका चाळीस. पानी पिवाया भ्याव वाटता. पोटुशी पोर बसून ऱ्हाते, तिला ताप भरतो. काय चुकलामाकला असंल तर पदरात घे, पन ह्यो बिल्ला तेवडा दूर कर, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता सगळ्या. कॅन्टीनच्या पत्र्यातून तो आवाज थेट फाटकापर्यंत गेला. वहिनी घरी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला होता, की मी गडग्यापलीकडून विचारलं, काय वहिनी, लॉटरी लागली काय? त्या म्हणाल्या, आता सुटंल ती पोर.

तपासणीचा निकाल मॅनेजरनेच वहिनींना ऐकवला, खुर्चीत मागे रेलून. एकेकीला वेगळं विचारलं तेव्हा बायकांनी मोकळेपणाने, आपापल्या शब्दांत उत्तरं दिली, त्यामुळे ती विश्वासार्ह. नंतर मात्र एकच बाई पाठ केल्यासारखं बोलली आणि बाकीच्यांनी एका सुरात एकच उत्तर दिलं. म्हणजे हे कोणीतरी शिकवलेलं आहे. बाहेरून फूस असावी. महिन्याभरात पुन्हा येऊन खात्री करू. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण इथे सुळी देणाऱ्याने ती रीतसर शिकूनसवरून दिली. त्या मुलीला तिच्या शिक्षकांनी सांगितलेलंच असणार, की सगळे एकसारखं बोलले तर संशय घ्या. सगळ्यांचं दुखणं एकच असलं तर सगळे आणखी काय बोलणार, हे तिला कोणी सांगितलं नाही.

वहिनी ठेकेदाराच्या कामगार. उद्यापासून येऊ नका, एवढं म्हणणं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी त्या सुनेला फाट्यावर सोडायला गेल्या, तर टेम्पोतल्या बायका त्यांच्याकडे न बघता चढल्या. त्यांचाही मला राग येतो. पण त्यांच्या घरी चुली आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून तो गिळतो.

मग मॅनेजरने तेजस्वीला बोलावलं. पुन्हा तपासणी होईल तेव्हा तू बोलायचंस. जिने तक्रार केली तिचीच सून म्हणाली की काही त्रास नाही, तर विषय मिटला. बदल्यात तुला मशीनवरून काढून चेकिंगच्या टेबलावर टाकतो. तिथे बिल्ला नाही, हवं तेव्हा उठ, हवं तेवढं पाणी पी. तेजस्वीने घरी येऊन हे सासूला सांगितलं आणि रडली. मला आठवतं तेव्हापासून त्या घरातून आवाज आला नाही अशी ती एकच संध्याकाळ.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची कोयती परत द्यायला गेलो. वहिनी चुलीपुढे बसून तांदूळ निवडत होत्या आणि तेजस्वी समोर उभी, शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखी. मला बघून त्या थांबल्या नाहीत.

"येवडा सरल नको बोलूस," त्या सुनेला म्हणाल्या. "त्यांना ता शिकवलेला वाटता. जरा अडखल. मग हस. मग बोल, आमाला काय तरास नाय."

तेजस्वी अडखळली, हसली, आणि म्हणाली.

"आता खरा वाटला," वहिनी म्हणाल्या. "परत बोल."