नक्कल करणाऱ्याला एक प्रश्न

मी मुलाखती घेते. लोक म्हणतात, बाई फार मायेनं विचारतात, समोरचा माणूस आपोआप मोकळा होतो. पुण्यात एकदा माझा सत्कार करताना अध्यक्ष म्हणाले, "यांच्या प्रश्नाला धार नसते, ओलावा असतो." मी मान खाली घालून हसले. त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनी हातातली शाल पुन्हा घडी करून ठेवली असती.

आम्ही दौंडचे. माझे वडील, आप्पा, स्पीकरवाले. दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर, वायरींची भेंडोळी आणि तीनचाकी टेम्पो एवढं सामान. पण लोक बोलवायचे ते आप्पांच्या आवाजासाठी. आमच्या वस्तीतली जयंतीची मिरवणूक असो, बागायतदारांच्या घरचं लग्न असो की कुस्त्यांचा फड, स्पीकर आप्पांचा आणि बोलणारेही आप्पाच. "पाव्हणं, जागा हाय तितं बसून घ्या, नवरदेव येशीत आलाय" असं ते म्हणाले की उभी माणसं बसायची. 'हाय' म्हणताना त्यांचा आवाज किंचित वर चढायचा आणि मान डावीकडे कलायची.

मी सातवीत असताना शिरूरला कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाचं उद्घाटन होतं. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही टेम्पोत बसून गेले. पाहुणा एक नट होता. नाटकांतून आलेला आणि नुकताच टीव्हीवर गाजू लागलेला. त्याला यायला तीन तास उशीर झाला. तेवढा वेळ उन्हात उभी असलेली गर्दी आप्पांनी एकट्यानं धरून ठेवली. कुणाची खोडी काढली, कुणाच्या बैलाचं कौतुक केलं, हरवलेलं एक पोरगं आईला शोधून दिलं. नट स्टेजवर चढला तेव्हा ते म्हणाले, "आपल्या शिरूरच्या लाडक्या पाव्हण्यांचं हितं मनापासून सवागत हाय!"

नटानं त्यांच्या हातातला माईक काढून घेतला आणि तेच वाक्य त्यांच्याच आवाजात म्हटलं. तोच चढ, तीच कललेली मान. गर्दी खो खो हसली. त्यानं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा करताना तो झोकांड्या खाऊ लागला आणि आप्पांकडे वळून म्हणाला, "काय मामा, दिवसाढवळ्याच लावली का?"

आप्पा दारूला शिवत नव्हते. पण एवढ्या लोकांसमोर तेही हसले. मी ॲम्प्लिफायरशेजारी बसले होते. गर्दीच्या हसण्यापेक्षा त्यांचं ते हसणं मला जास्त लागलं.

तिथंच संपलं असतं तर कदाचित मी विसरलेही असते. पण त्या नटानं ती नक्कल सोडली नाही. आपल्या कार्यक्रमांत तो 'गावचा माईकवाला' करू लागला. मग टीव्हीवर, मग कॅसेटवर. दोन वर्षांत अशी वेळ आली, की आप्पांनी माईक हातात घेतला की माणसं आधीच हसायला लागायची. पाटसला एका लग्नात वराचा मामा त्यांना म्हणाला, "आप्पा, त्या नटाची नक्कल लई भारी करता की वो!"

त्या दिवशी घरी आल्यावर आप्पा जेवले नाहीत. पुढं ते नुसता स्पीकर लावायचे आणि मागं खुर्चीवर बसून राहायचे. बोलायला दुसरा माणूस असायचा. काही वर्षांनी टेम्पोही विकला.

मी काय व्हायचं ते मी ठरवलं नव्हतं, कुणाचं वाटोळं करायचं ते ठरवलं होतं. कॉलेज संपवून पुण्यात एका रेडिओ स्टेशनवर चिकटले. जीभ तिखट होती, साहेबांना ती आवडली. सकाळचा कार्यक्रम मला मिळाला. येईल त्या कलाकाराला मी सोलून काढायची. एका गायिकेला तिचंच गाणं बेसूर म्हणून दाखवलं, एका हिरोचा फोन तो बोलत असतानाच ठेवून दिला. तक्रारी आल्या तेवढं माझं नाव झालं. या सगळ्यात मी त्या नटाची वाट पाहत होते. एक दिवस त्याला बोलवायचं आणि लोकांसमोर उभा फाडायचा. पण दर वेळी त्याच्या मॅनेजरचं एकच उत्तर यायचं, "सर म्हणतात, त्या बाईकडे नको."

मी ओरडत होते म्हणूनच तो येत नव्हता. हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला, आणि ते कळलं तेही माझ्या एका पापामुळं.

एका सकाळी न्हावऱ्याहून एका बाईचा फोन लागला. तिचा नवरा उसाच्या गळितासाठी साखर कारखान्यावर होता, त्याच्यासाठी तिला गाणं लावायचं होतं. "मी न्हावऱ्यावरनं बोलतीय. आमचं मालक लई लांब न्हाईत, पर घरी यीना झाल्यात. त्येंच्यासाठी गानं लावायचं हाय," ती म्हणाली. मी तिचं वाक्य तिच्यासारखंच म्हणून दाखवलं. मग तिच्या प्रत्येक वाक्यानंतर तेच. शेवटी तिनं गाणं न सांगताच फोन ठेवला. स्टुडिओतली माणसं पोट धरून हसत होती. ती क्लिप मोबाईलवर गावोगाव फिरली.

आप्पांचा फोन दुपारी आला. सलूनमध्ये बसले असताना त्यांनी ते ऐकलं होतं.

"चांगलं जमतंय तुला," ते म्हणाले.

"काय आप्पा?"

"माझा आवाज. त्यानं वापरला, आता तूबी वापर."

मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला. मी क्लिप पुन्हा लावली. बाईची नक्कल करताना 'हाय' वर माझा आवाज चढला होता, थेट आप्पांसारखा. त्या नटाचा मी इतकी वर्षं राग केला आणि काम मात्र त्याचंच करत होते.

पुढच्या आठवड्यात मी पत्ता काढून न्हावऱ्याला गेले. ती बाई गोठ्यात होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं हात धुतले, बसायला बाज दिली आणि समोर उकिडवी बसली. मला वाटलं, शिव्या देईल. तिनं एकच विचारलं, "ताई, मला का हसला वो?"

आणि ती गप्प राहिली.

मी सांगू लागले. कार्यक्रमच तसा आहे, साहेबांना असंच लागतं, लोकांना आवडतं, मी स्वतः गावचीच आहे. ती नुसती बघत होती. मी जितकं बोलत गेले तितकी माझी मलाच घाण वाटू लागली. शेवटी माझ्याकडचे शब्द संपले आणि मी रडले. तिनं मला समजावलं नाही, हाकललंही नाही. जाताना म्हणाली, "आता चुलीचं बघायचंय मला."

येताना एसटीत मी एकच विचार करत होते. हिनं आवाज न चढवता, एक प्रश्न विचारून मला उघडं पाडलं. मला त्या बाईपुढं मनापासून लाज वाटली, हे खरं. पण त्याच वेळी मनात आलं, की हे हत्यार मला हवंय. हेही तितकंच खरं.

मी तो कार्यक्रम सोडला. काही महिने घरी बसले. मग छोट्या मुलाखती सुरू केल्या, आधी रेडिओवर, पुढं मोबाईलसाठी, पुढं स्टेजवर. पाहुण्याबद्दल महिनाभर वाचायचं, मोजकं विचारायचं आणि गप्प राहायचं. लोकांना वाटलं, बाई बदलली. कलाकार स्वतःहून येऊ लागले. काहींशी खरंच जिव्हाळा जडला, ते खोटं नव्हतं. पण प्रत्येक मुलाखतीगणिक मी त्याच्या एक पाऊल जवळ जातेय हे मी कधी विसरले नाही.

दहा-बारा वर्षांनी त्याच्या मॅनेजरचा फोन आला. सरांना मोठा पुरस्कार मिळालाय, दीर्घ मुलाखत तुम्हीच घ्यावी अशी सरांची इच्छा आहे. मी म्हटलं, "माझा मान समजेन. फक्त कार्यक्रम शिरूरला ठेवू. तिथले लोक त्यांच्यावर फार प्रेम करतात."

मंगल कार्यालय खच्चून भरलं होतं. आप्पांना मी चला म्हटलं होतं. "मला नगं," एवढंच ते म्हणाले.

तो आता सत्तरीला आला होता. पहिला तासभर मी त्याला त्याच्या आईबद्दल, पहिल्या नाटकाबद्दल विचारलं. आईच्या आठवणीनं त्याचे डोळे भरले, मी पाण्याचा पेला पुढं केला. तो पूर्ण निर्धास्त झाल्यावर मी म्हटलं, "सर, शिरूरकरांसाठी 'गावचा माईकवाला' होऊन जाऊ द्या."

तो खुशीत उठला. तोच चढ, तीच मान, त्याच झोकांड्या. लोक हसले, टाळ्या पडल्या.

"हा माणूस तुम्हाला कुठं भेटला?" मी विचारलं.

"अहो, इथंच! तुमच्या शिरूरला. स्टेजवर चक्क पिऊन आला होता. मी त्याला अमर केलं बघा."

"त्याचं पुढं काय झालं?"

तो हसला. मी हसले नाही. हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले.

"काय झालं म्हणजे... असेल कुठंतरी. आपण कलावंत, निरीक्षण करतो. त्यात वाईट काय? त्याला आवडलंच होतं, हसला होता तो."

"हो, हसले होते," मी म्हणाले. "मी तिथं होते. ते माझे वडील. दारू पीत नाहीत. दौंडला राहतात."

एवढं बोलून मी पुन्हा गप्प झाले. तो बोलू लागला. तो काळ वेगळा होता म्हणाला, मग गंमत होती म्हणाला, मग 'ती माणसं' मनाला लावून घेत नाहीत म्हणाला. समोर पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत 'ती माणसं'च बसली होती. मागून कुणीतरी ओरडलं, "कोन माणसं वो?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मदत करीन म्हणून. मी त्याला बुडू दिलं. मला त्यात आनंद झाला. तसा आनंद मला आयुष्यात दुसऱ्या कशानं झालेला नाही.

आप्पांनी ते मोबाईलवर पाहिलं. "म्हातारा मानूस व्हता गं," म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांच्यासाठी केलं असं मी त्यांना सांगितलं नाही, कारण ते मी माझ्यासाठी केलं होतं.

महिन्याभरानं त्या नटाचा स्वतःचा फोन आला. मॅनेजर नव्हता. आवाज बसलेला होता. त्याला दौंडला येऊन आप्पांची माफी मागायची होती, कॅमेरा न आणता, एकट्यानं. मी म्हटलं, "आप्पांना विचारून कळवते."

आप्पांना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, येऊ दे की. म्हणूनच विचारलं नाही. नंतर त्याचे आणखी दोन फोन येऊन गेले, ते मी उचलले नाहीत.