नकोताईंची डिरेक्टरी

एकोणीसशे पंच्याऐंशीचा जून महिना होता. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये टेबलाभोवती आम्ही तिघं बसलो होतो: कारखान्याचे मालक (सगळे त्यांना साहेब म्हणत), त्याच आठवड्यात नेमलेल्या ताई, आणि मी. साहेबांनी सांगितलं की आपण आपला स्वतःचा कॉम्प्युटर बाजारात आणतो आहोत, त्याची ऑपरेटिंग सिस्टिमही आपणच लिहायची आणि दिवाळीपर्यंत ती चालू झालेली पाहिजे. मी वहीत 'दिवाळी' असं लिहिलंसुद्धा. ताई म्हणाल्या, "नाही होणार." साहेबांनी विचारलं, मग कधी? ताईंनी पुढच्या वर्षीची दिवाळी सांगितली आणि ती खरी करून दाखवली. पण त्यांचं नाव त्या पहिल्या दिवशीच ठरून गेलं. नकोताई.

कामाची वाटणी सोपी होती. डिस्कवरची कुठली जागा भरलेली, कुठली मोकळी, याचा हिशेब ठेवणारा भाग माझ्याकडे. मी मुळात बी.कॉम.; जमाखर्चातून प्रोग्रामिंगकडे वळलेला. त्यामुळे ताई मला कायम 'हिशेबनीस' म्हणत. त्यांच्याकडे डिरेक्टरी. डिरेक्टरी म्हणजे डिस्कवरच ठेवलेला एक तक्ता. प्रत्येक ओळीत एक नाव आणि त्या नावाचा मजकूर कुठल्या जागेपासून सुरू होतो त्याचा आकडा. नाव घाला, नाव शोधा, नाव बदला, नाव काढा, एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यात हलवा. ऐकायला ही कामं कारकुनी वाटतात. पण माणसाला डिस्कवरचं काहीही सापडतं ते या तक्त्यांमुळेच.

ताई कुठलंही काम लिहायला घेताना आधी ते केव्हा करायचं नाही ते लिहीत. नवीन फाइल करायची आहे? त्या नावाची आधीच असेल तर नाही. नाव फार लांब असेल तर नाही. तक्ता भरलेला असेल आणि वाढवायला जागा नसेल तर नाही. असे सगळे नकार लिहून झाले की खाली चार ओळींत खरं काम. मी एकदा म्हणालो की गिऱ्हाइकाला हो म्हणणारं मशीन हवं असतं. त्या म्हणाल्या, "हो म्हणायला काय अक्कल लागते, हिशेबनीस?" आणि पुन्हा कीबोर्डवर वाकल्या.

डिरेक्टरी काढून टाकण्याचं काम लिहायला त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. ती रिकामी आहे का, हे तक्त्याची प्रत्येक ओळ वाचून पाहायचं, असा त्यांचा आग्रह. मी सुचवलं होतं की आत किती नावं आहेत याचा एक आकडा शेजारी ठेवू, तो शून्य असला की झालं. वेळ वाचेल. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आकडा चुकू शकतो, ओळ चुकत नाही, म्हणाल्या. "घरात माणूस आहे का हे दार उघडून बघितल्याशिवाय घर पाडायचं नाही." हे त्या हसत म्हणाल्या नव्हत्या. नाशिकरोडच्या ज्या कॉलनीत त्या राहत, तिथे येण्याआधी त्यांचं कुटुंब कुठे राहत होतं ते मी कधी विचारलं नाही.

सातपूरला वीज जायचीच. पण ती हवी तेव्हा जात नाही, अशी ताईंची तक्रार होती. म्हणून त्या स्वतः घालवायच्या. मशीन डिस्कवर लिहीत असताना मध्येच उठून भिंतीपाशी जायचं आणि मेन स्विच खाली ओढायचा. मग पुन्हा चालू करून डिस्कवर काय उरलं ते पाहायचं. साहेबांनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ते धावतच आले. ताईंनी त्यांना शांतपणे समजावलं की फाइल हलवताना आधी नव्या तक्त्यात नाव लिहायचं आणि ते पक्कं लिहून झाल्यावरच जुन्यातून काढायचं. मधल्या क्षणी वीज गेली तर एकाच फाइलचं नाव दोन ठिकाणी राहील, ते नंतर निस्तरता येतं. उलट क्रम ठेवला तर नाव कुठेच राहणार नाही. साहेबांना किती कळलं कोण जाणे. पण त्यानंतर ताई खुर्चीवरून उठल्या की ते आपली केबिन गाठायचे.

दुपारी डबा खाताना मात्र त्या अगदी वेगळ्या असत. भाकरीवर ठेचा घ्यायच्या, माझ्या डब्यातली गोड आमटी चाखून 'तुमच्याकडे मिरची महाग झाली का' असं विचारायच्या. चौदा एप्रिलची रजा त्या जानेवारीतच सांगून ठेवत आणि पंधराला सगळ्या शेडला पुरेल एवढी बुंदी घेऊन येत. सकाळी मी नऊला पोचलो की त्या आधीच बसलेल्या असत, आणि मान वर न करता कालच्या गप्पा जिथे तुटल्या होत्या तिथूनच बोलायला लागत. तशी सकाळ मला पुढे कुठल्याच नोकरीत मिळाली नाही.

आमचं पहिलं मशीन विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या पेढीवर गेलं. शेठ नव्या गोष्टींचे हौशी होते. पण मशीनवर बसायचे ते त्यांचे मुनीम, भाऊसाहेब. पन्नाशी ओलांडलेले, टोपी घालणारे. इंग्रजी अक्षरं त्यांनी घरी नातीच्या पाटीवरून गिरवली होती. ताईंनी त्यांना चार दिवस शेजारी बसून शिकवलं. 'कांदा' नावाची एक मोठी डिरेक्टरी, तिच्यात गावागणिक शेतकऱ्यांची खाती, आणि तिच्यातच 'जुना' नावाची एक छोटी, मागच्या हंगामासाठी.

हंगाम सरला आणि एका सकाळी विंचूरहून साहेबांना फोन आला. सगळं गेलं. एकाही शेतकऱ्याचं खातं दिसत नाही.

निघण्याआधी साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. आणखी दोन पेढ्या या मशीनवर डोळा ठेवून होत्या. मशीनमध्ये दोष आहे असं विंचूरमधून बाहेर पडलं तर आमचा विभाग बंद करावा लागेल, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मुनिमानं काहीतरी चुकीचं दाबलं असणार, तसंच सांगा, म्हणाले. ताईंनी आपली वही पिशवीत टाकली आणि आम्ही निघालो. एसटीत चांदोरीपर्यंत त्या ती वहीच वाचत होत्या.

पेढीवर पोचलो तर भाऊसाहेब आतल्या खोलीत मशीनपासून लांब, भिंतीला टेकून उभे होते. शेठनं त्यांना सकाळीच सुनावलं होतं: हे तुझ्या हातून झालं असेल तर उद्यापासून येऊ नको. भाऊसाहेब ताईंना एवढंच म्हणाले, "ताई, मी पुसलं नाय वो. आवरून ठिवत व्हतो."

मी माझा हिशेब पाहिला. डिस्कवर एकही जागा मोकळी झालेली नव्हती; म्हणजे खाती कुठेतरी होती, फक्त तिथवर जायला वाट नव्हती. मग ताई डिस्क जागेजागेनं वाचत बसल्या. प्रत्येक डिरेक्टरीच्या तक्त्यात वरच्या दोन ओळी ठरलेल्या: पहिली स्वतःची, दुसरी ती ज्या डिरेक्टरीच्या पोटात आहे तिची. दुपार टळल्यावर त्यांना 'कांदा' सापडली. तिची दुसरी ओळ 'जुना'कडे बोट दाखवत होती. 'जुना'ची दुसरी ओळ 'कांदा'कडे.

"हे बघा," ताई मला हळूच म्हणाल्या, "दोघं एकमेकांचे बाप होऊन बसलेत."

झालं होतं ते असं. भाऊसाहेबांना सरल्या हंगामाची खाती 'जुना'मध्ये टाकायची होती. 'कांदा'च्या आतलं हलवायच्या ऐवजी त्यांनी 'कांदा'च 'जुना'मध्ये हलवायला सांगितलं. मोठी टोपली तिच्याच आतल्या लहान टोपलीत ठेवायची. टोपल्यांना ते जमत नाही, आमच्या प्रोग्रामला जमलं. त्यानं ताईंच्या शिस्तीप्रमाणे आधी 'जुना'मध्ये नाव लिहिलं, मग सगळ्यात वरच्या, मुख्य तक्त्यातून काढलं. दोघी एकमेकींच्या पोटात, आणि बाहेरून आत जायला दार नाही.

ताईंनी मुख्य तक्त्यात 'कांदा'ची ओळ हातानं परत लिहिली, 'जुना'मधली काढली, 'कांदा'ची दुसरी ओळ सरळ केली. पडद्यावर गावांची नावं आली. भाऊसाहेब आता जवळ येऊन उभे राहिले होते. यादीतलं शेवटचं गाव, सायखेडा, दिसल्यावर त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

शेठ आत आले. खाती मिळाल्याचं पाहून त्यांचा आवाज खाली आला होता, पण प्रश्न तोच होता. कुणी केलं हे?

मी ताईंकडे पाहिलं. साहेबांनी सांगितलेलं वाक्य खोटं नव्हतं. हुकूम भाऊसाहेबांनीच दिला होता, तो पडद्यावर दाखवता आला असता.

"त्यांनी मागितलं आणि आम्ही दिलं," ताई म्हणाल्या. "अशा वेळी नाही म्हणायचं काम मशीनचं होतं, आणि ते मी लिहायला विसरले. चूक माझी आहे."

शेठनं एकदा पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग अजून काय काय नाय म्हनायचं ऱ्हायलंय?"

"ते आज मला सांगता येणार नाही, शेठ."

भाऊसाहेबांची नोकरी राहिली. मशीन राहिलं नाही. पुढच्याच महिन्यात शेठनं ते परत पाठवलं, बाकीच्या दोन पेढ्याही मागे सरल्या. साहेब वाईट नव्हते. ताईंना ते एका शब्दानं बोलले नाहीत. पण विभाग चालवण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं, आणि परदेशी सिस्टिमच्या कॉप्या तोवर नाशिकच्या बाजारात हातोहात फिरत होत्या.

शेवटच्या आठवड्यात मी कपाटं आवरत होतो आणि ताई लिहीत होत्या. हलवण्याच्या कामात राहिलेला नकार त्या घालत होत्या. जिथे न्यायचं त्या डिरेक्टरीपासून वर वर जायचं, तिच्या बापाकडे, त्याच्या बापाकडे, पार मुळापर्यंत. वाटेत हलवायची तीच भेटली तर नाही म्हणायचं. मी विचारलं की आता हे कोण चालवणार. त्या म्हणाल्या, "कुणी नाही." मग स्विचपाशी गेल्या, वीज घालवली, परत आणली, तक्ते तपासले आणि मशीन बंद केलं.

त्या हैदराबादला गेल्या. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. गाडी येईपर्यंत त्या मला माझ्या हिशेबाच्या भागात एक सुधारणा सुचवत होत्या, आणि मी ती ऐकत होतो, जणू सोमवारी ती आम्हाला करायचीच आहे. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली. नंतर माझं लग्न, मुलं, कॉलेजरोडला घर. मी पुन्हा जमाखर्चाकडे वळलो. नवीन मुलं हाताखाली आली की मी त्यांना 'हे काम केव्हा करायचं नाही ते आधी सांगा' असं म्हणतो, आणि ती माझ्याकडे बघत राहतात.

ताई गेल्या त्यानंतरच्या उन्हाळ्यात भाऊसाहेब एका टेम्पोतून कांद्याचं पोतं घेऊन माझ्या दारात उतरले. ते ताईंसाठी होतं. ताई नाशिकला नाहीत हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, "ठावं हाय मला. त्यांच्या घरी पोचवा. आन तुमीबी खावा. त्या दिशी शेजारी तुमीच व्हते ना." मी म्हणालो, मी काहीच केलं नव्हतं. त्यांनी पोतं आत सरकवलं आणि टेम्पोत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी निम्मे कांदे सायकलच्या कॅरियरला बांधून मी नाशिकरोडला गेलो. ताईंच्या आई ओट्यावर निवडण घेऊन बसल्या होत्या. मी जय भीम केला. कांदे कुणी पाठवले, का पाठवले ते सांगितलं. ताई घरी यातलं काहीच बोलल्या नव्हत्या. आईंनी एक कांदा हातात घेऊन दाबून पाहिला, चांगला टिकेल म्हणाल्या.

"पत्रात तुझं विचारत असते बाबा ती," त्या म्हणाल्या. "काय लिहू तिला?"

मी म्हणालो, लिहा की त्यांच्यासारखं शेजारी कुणी बसलं नाही. मग म्हणालो, ते राहू द्या. विंचूरचे कांदे पोचले, एवढंच लिहा.