आत्याचा जांभळा अंगठा

आमच्या आत्याइतकी जांभळी बाई यमुनेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही. ती एका सरकारी प्रयोगशाळेत जंतू रंगवायची. काचपट्टीवर जंतू पसरायचे, वर क्रिस्टल व्हायोलेट ओतायचं, मग स्पिरिटने धुवायचं. काही जंतू रंग धरून ठेवतात, काही सोडून देतात. एवढ्याशा कामात तिची बोटं, ओढण्या, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधलं बेसिन आणि कुकरची मूठसुद्धा जांभळी झाली होती. ग्लोव्हज घातले की हात परके वाटतात म्हणे. शेजारच्या आंटींनी ऐन जानेवारीत तिच्या बोटांकडे बघून विचारलं, "बहनजी, जामुन अभी से?" आत्या शांतपणे म्हणाली, "सरकारी हैं जी, बारहों महीने आते हैं."

माणसांनाही ती हीच परीक्षा लावी. मराठी मंडळाचे अध्यक्ष मायबोलीच्या आठवणीने स्टेजवर गहिवरले आणि खाली उतरताच मुलाला इंग्रजीत रागावले, तेव्हा "एका धुण्यात गेला" एवढाच तिचा रिपोर्ट. मला बघायला आलेल्या गुरुग्रामच्या इंजिनिअरने नावाआधी पॅकेज सांगितलं. त्याला तर तिने धुतलंही नाही. माझा रिपोर्ट मात्र तिने कधी दिला नाही, आणि विचारायची माझी हिंमत नव्हती.

पाचवीत वक्तृत्व स्पर्धेच्या आदल्या दिवशी मला घास गिळेना. आत्याने तोंड आल्याचं जाहीर केलं आणि औषधाच्या दुकानात मिळणारा त्याच रंगाचा पातळ अवतार माझ्या जिभेला फासला. तोंड आलेलं नव्हतं, स्टेजची भीती होती, पण मी तसं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझी जीभ पाहिली आणि घाईने माझं नाव कापलं. एवढी हुशार बाई, पण निदान चुकलं, असं मी कित्येक वर्षं समजत होते.

मागच्या वर्षी ती रिटायर झाली. स्वतःच्या निरोपसमारंभालाही शेवटची काचपट्टी धुऊन, ओल्या हातांनीच आली. साहेबांनी तिच्या जागी येणाऱ्या मशीनचं भरपूर कौतुक केलं, मग अचानक घरच्यांपैकी मी दोन शब्द बोलावेत असं सुचवलं. मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधू लागले. आत्या कानाशी वाकली.

"तोंड बघू. आजही लावू का?"

म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. मी मान हलवून नको म्हटलं आणि उठले. चार वाक्यं बोलले, त्यातली दोन अर्धवट. परत येऊन बसले तेव्हा तिने माझा खांदा दाबला.

आता ती पुण्याला असते. तिथलं बेसिन पांढरं आहे, अशी फोनवर तक्रार करते. माझ्या सरोजिनी नगरच्या कुर्त्यावर खांद्यापाशी तिचा अंगठा उमटलाय. तो स्पिरिटने कसा काढायचा ते तिनेच मला शिकवलंय. मी काढलेला नाही.