शेजारी बसवलेला माणूस

अमेरिकेतल्या कॅरी शहरातल्या संग्राम भोयरची कंपनी विकली गेली, तरी नव्या मालकांनी त्याला मॅनेजर ठेवलं. फक्त शेजारी त्यांचा माणूस, डेव्हिड, आणून बसवला. तो बोलायचा कमी, ऐकायचा जास्त.

घरी लेक अनिका मंगोलांवर प्रोजेक्ट करत होती. "बाबा, जिंकलेल्या शहरात ते जुनाच राजा ठेवायचे. शेजारी आपला दरुगाची बसवायचे, वॉच ठेवायला."

त्यानंतर संग्राम ऑफिसात मोकळं बोलेनासा झाला.

एकदा मालकांनी विचारलं, "आम्ही पुण्यातली कंपनी घेतलीय. तिथल्या मॅनेजरशेजारी बसाल?"

संग्रामने सरळ नकार दिला.

बाहेर डेव्हिड हळूच म्हणाला, "इथे येताना मीही 'नाही' म्हणायला हवं होतं."

संग्रामला तेही खरं वाटेना.