नसलेला ढग

परवा दुपारी मी चहा घेऊन गेले, तेव्हा आमची सून ऋजुता संगणकासमोर बसली होती. पडद्यावर रव्यासारखे करडे ठिपके पसरले होते आणि मधोमध आपल्या आकाशगंगेसारखीच एक सर्पिल दीर्घिका होती. तिच्याभोवती उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेल्या, हायड्रोजन वायूचे ढग आहेत का, हे ती कित्येक महिने शोधते आहे. अशा वायूतूनच पुढे तारे जन्माला येतात. हे ढग डोळ्यांना दिसत नाहीत. रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या क्षीण लहरींवरून ओळखावे लागतात.

"अगं, हा बघ ढग!" मी एका ठळक ठिपक्यावर बोट ठेवलं.

ती हसली नाही. तिने सगळं पुन्हा तपासलं. चहा पार निवून गेला. मग म्हणाली, "नाही आई, ही नुसती खरखर आहे. मलाही तो ढग हवाच आहे हो. म्हणून तर जास्त जपावं लागतं."

हवं असलेलं आपल्याला किती पटकन दिसतं! स्थळाच्या पत्रिकेत दिसतं, आपल्या मुलांच्या अंगी दिसतं. मीही आयुष्यभर तसंच पाहत आले. आणि ही मुलगी मात्र मनासारखं काही समोर आलं की आधी त्याच्यावरच संशय घेते.

आज तिने शोधनिबंध पुरा केला: ढग आढळला नाही. संध्याकाळी नणंदेचा फोन आला. "सापडलं का गं सुनेला काही?"

"नाही सापडलं," मी ताठ मानेने सांगितलं. "आणि आमची ऋजुता नाही म्हणते, तेव्हा ते नीट शोधून म्हणते."