वाढत्या मापाची सीट

"खाली गोधडी घाल अन् बसव," अप्पा म्हणाले. "पाच मिनटाचं काम हाय."

"नाही बसवणार," मी म्हणालो.

बीडमध्ये माझं कार अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे. सीट कव्हर, मॅट, म्युझिक सिस्टिम, कॅमेरा, सगळं बसवून देतो. वीस वर्षं हेच करतोय. लोक मला सलीमभाई म्हणतात आणि माघारी भांडखोरही म्हणतात. दोन्ही खरं आहे.

अप्पांचं नेकनूरला कापडाचं दुकान. माझी त्यांची ओळख जुनी. त्यांची मुलगी पल्लवी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. बाळ आता पाच महिन्यांचं झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आईबापाबरोबर पुण्याला जाणार होतं. जावईबापू गाडी घेऊन आले होते, पण सासुरवाडीचं जेवण अंगावर येऊन घरी झोपले होते. म्हणून गाडी पल्लवीने चालवत आणली. अप्पा मागे बसले होते, मांडीवर नातू.

बाळंतविड्यात अप्पांनी पाळणा दिला, चांदीचे वाळे दिले, आणि वर ही बाळाला गाडीत बसवायची कार सीट. मोबाइलवरून मागवलेली. नेकनुरात बाळंतविड्यात कार सीट देणारा मीच पहिला, हे त्यांनी मला गाडीतून उतरायच्या आत दोनदा सांगितलं.

मी खोकं फिरवून बघितलं. नऊ ते छत्तीस किलो, असं त्यावर ठळक छापलेलं होतं.

"ताई, बाळाचं वजन किती आहे?"

"परवा लस दिली तेव्हा साडेसहा भरलं," पल्लवी म्हणाली.

"मग ही सीट त्याची नाही."

"वाढत्या मापाची घेतली बे!" अप्पा चिडले. "लेकरू हाय, वाढनारच. धा वर्षं पुन्हा बघायचं काम न्हाई."

आता यांना काय सांगणार? अख्ख्या नेकनूरच्या पोरांना अप्पांनी शाळेचे कपडे असेच विकले. पॅन्ट चार बोटं दुमडून घ्यायची, शर्ट गुडघ्याला टेकला तरी चालेल. माझ्या घरीही तेच चालतं. पण शर्ट ढगळ झाला तर पोरगं फार तर बावळट दिसतं. सीट ढगळ झाली तर पोरगं तिच्यातून निसटतं. सीटला स्वतःचे पट्टे असतात, त्याला हार्नेस म्हणतात. तो खांद्याला घट्ट लागला पाहिजे. गोधडी घातली की वरवर घट्ट वाटतं, पण धक्का बसला की गोधडी दबते आणि पट्टा सैल पडतो.

हे सगळं मी समजावून सांगितलं. अप्पांनी नुसता हात झटकला.

"मग ऱ्हाऊ दे ती सीट. मांडीवर घेऊन जाईल पल्लवी. आमी काय सीटा घेऊन वाढलो का?"

पल्लवीने बाळाला छातीशी आणखी घट्ट धरलं. बापाच्या शब्दाबाहेर तिला जायचं नव्हतं आणि मनातून ती भ्यालेली होती. ते बघून माझं डोकं फिरलं.

शेजारच्या किराणा दुकानातून मी साडेसहा किलो ज्वारी काट्यावर मोजून पिशवीत बांधून आणली.

"ताई, तुम्ही बाळाला घेऊन दुकानात बसा, आणि चावी द्या. अप्पा, तुम्ही चला माझ्याबरोबर."

"कुठं? अन् कावून?"

"बाजाराच्या मैदानात. आज बाजार नाही, मोकळंच असेल."

मैदानात पोचल्यावर अप्पांची सीट मागे पट्ट्याने बांधली. आत गोधडी, वर ज्वारी, हार्नेस अप्पांनी स्वतःच्या हाताने आवळला. अप्पा मागेच तिच्या शेजारी बसले. गाडी तीसच्या स्पीडला नेली आणि कचकन ब्रेक मारला. ज्वारी पट्ट्याखालून सरकून पायाशी पडली.

"आता मांडीवर घ्या," मी म्हणालो.

"घेतो की. पन्नास वर्षं कापडाचे गठ्ठे उचललेत. माज्या हातातून काय सुटतंय?"

त्यांना बेल्ट लावायला लावला. परत तीसचा स्पीड. या वेळी ते काहीतरी बोलत होते, बहुतेक मलाच शिव्या देत होते, तेवढ्यात मी ब्रेक दाबला. पिशवी मांडीवरून उडून समोरच्या सीटच्या पाठीवर धाडकन आपटली. गाठ सुटली आणि ज्वारी गाडीभर पसरली.

अप्पांचे दोन्ही हात अजून तसेच पुढे होते. ते मागे घेत त्यांनी विचारलं,

"तू किती वर व्हतास?"

"तीस. जावईबापू नगर रोडला ऐंशीवर असतील."

"चल माघारी," अप्पा एवढंच म्हणाले.

माझ्या माळ्यावर आठ महिन्यांपासून एक कन्व्हर्टिबल सीट पडून होती. कन्व्हर्टिबल म्हणजे आधी गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसवायची, पोरगं मोठं झालं की पुढे तोंड करून फिरवायची. बीडमध्ये कोण घेणार, म्हणून घरचे मला हसत होते. नुकत्याच जन्मलेल्या बाळापासून चालते. तान्ह्या बाळासाठी आत गादी येते, कंपनीची, त्याच सीटच्या मापाची. पट्टे बाळ वाढेल तसे वर सरकवता येतात.

"म्हणजे ही बी वाढत्या मापाचीच की!" अप्पांचा चेहरा उजळला.

"हो. पण आजही बसते आणि उद्याही."

मग दुसरा घोळ सुरू झाला. "पर लेकराला पाठमोरं कावून बसवायचं? ह्ये काय बरं दिसतंय का?"

मी सांगितलं, या वयात डोकं जड असतं आणि मान कच्ची. पुढे तोंड असेल तर ब्रेकला मान झटका खाते. उलटं बसवलं की सगळा दाब पाठीवर पसरतो. पुढच्या सीटवरही बसवायचं नाही, एअरबॅग फुटली तर तिचाच मार बसतो. अप्पांना अर्धं पटलं.

"आणि अप्पा," मी म्हणालो, "उद्या गाडी निघाली की बाकी सगळे पुण्याकडं बघत जातील. तुमचा नातू नेकनूरकडं बघत जाईल."

अप्पांनी उपरण्याने नाक पुसलं. "बसव," ते म्हणाले.

बसवायला अर्धा तास लागला. सीट हलवून बघितली, बोटभरही सरकली नाही. बाळाला बसवून पट्टा चिमटीत धरून बघितला, चिमटीत आला नाही. म्हणजे बरोबर. हे सगळं पल्लवीकडून दोनदा करून घेतलं, कारण पुण्यात मी नसणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"सलीमभाई, कडा गावाजवळ उसाचा ट्रॅक्टर एकदम आडवा आला. यांनी जोरात ब्रेक मारला. माझी पर्स, लाडवाचा डबा, सगळं पुढं येऊन पडलं."

"आणि बाळ?"

"जागचं हललं नाही. झोपलं होतं, ते जागं झालं आणि नुसतं माझ्याकडं बघायला लागलं."

फोन ठेवला आणि मी दुकानाबाहेर येऊन अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं. माझे डोळे भरून आले होते, ते कुणी बघितलं असेल तर बघू दे. वीस वर्षांत एवढा खूश मी कधी झालो नव्हतो.

त्यानंतर नेकनूरहून तीन जण सीट घ्यायला आले. तिघांनीही बाळाचं वजन चिठ्ठीवर लिहून आणलेलं. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? तर म्हणे अप्पांनी. सीट उलटी का बसवायची, पट्टा कसा तपासायचा, सगळं अप्पा दुकानात येणाऱ्याला समजावून सांगतात. वर म्हणतात, "त्या सलीमला तरी कुठं म्हाईत व्हतं? मैदानात नेऊन म्याच दावलं त्याला."

मी मान डोलावतो. गिऱ्हाईक शहाणं झालं की अक्कल त्याचीच होती असं म्हणावं. लेकरू घट्ट बसल्याशी मतलब.